दिनविशेषाचा फळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचा परिपाठ, वाचनालयाच्या दारातला फळा, कार्यालयातली सूचनापाटी आणि मोबाइलवरच्या गटातला सकाळचा संदेश या ठिकाणी दिनविशेष रोज लिहिला जातो. लिहिणाऱ्याच्या हाताशी वेळ मात्र थोडा असतो. शिक्षक, ग्रंथपाल आणि विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे इथे आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक प्रश्न तारखांचे आहेत, कारण दिनविशेषात सर्वांत आधी चुकते ती तारीख.

रोजच्या फळ्यावर नेमके काय आणि किती लिहावे?

एक घटना, एक व्यक्ती किंवा एक शब्द. एका दिवशी तिन्ही नकोत. उभ्या उभ्या वाचणारा माणूस चाळीस-साठ शब्दांपलीकडे थांबत नाही. वरच्या ओळीत वार, तारीख आणि तिथी, मध्ये मजकूर आणि तळाशी बारीक अक्षरात माहिती कोणत्या ग्रंथातून घेतली त्याचे नाव व पान. ही तळाची ओळ बहुतेक फळ्यांवर नसते. ती घाला. ती लिहायची म्हटली की लिहिणारा आपोआप पुस्तक उघडतो.

मजकुरात कोण, काय, कुठे, कधी एवढे हवेच, आणि त्यासोबत लक्षात राहील असा एखादा तपशील. १६ एप्रिलचा नमुना पाहा : ‘१८५३ साली आजच्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी रेल्वे निघाली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, अंतर ३४ किलोमीटर. ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती.’ ‘रेल्वेमुळे देशाच्या विकासाला गती मिळाली’ हे वाक्य इथे लिहिले नाही म्हणून काही अडले नाही. इंजिनांची नावे मुले घरी जाऊन सांगतात.

वर्षभराचा मजकूर आधी कसा जमवावा?

३६६ पानांची वही करा, २९ फेब्रुवारी धरून. प्रत्येक पानाला एक तारीख. तिथीने येणाऱ्या गोष्टी या वहीत लिहू नका, कारण त्यांची तारीख दरवर्षी बदलते. त्यांच्या सुट्या चिठ्ठ्या करा आणि पाडव्याला नवे पंचांग हातात आले की वर्षभरापुरत्या त्या त्या पानात सरकवा. वहीच्या मागच्या बाजूला तारीख नसलेले साहित्य ठेवा : शब्द, म्हणी, गडकोट, ग्रह-तारे, झाडे. ज्या दिवशी धड घटना सापडत नाही त्या दिवशी ते कामी येते. ओढूनताणून कुठल्या तरी परदेशी करमणूक-ताऱ्याचा वाढदिवस लिहिण्यापेक्षा ते कधीही चांगले.

एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शाळेच्या फळ्यावर मे महिना येतच नाही. संभाजी महाराजांची जयंती (१४ मे), अहिल्याबाई होळकरांची जयंती (३१ मे), गोवा घटक राज्य झाले तो दिवस (३० मे १९८७) आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा १ मे १९६० हे सगळे सुटीत किंवा सुटीच्या तोंडावर येते. दहा वर्षे शाळेत गेलेल्या मुलाने अहिल्याबाईंचा दिनविशेष फळ्यावर एकदाही वाचलेला नसतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, नाही तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर या दिवसांना जागा द्या. फळ्यावर ‘मे महिन्यातील’ असे स्पष्ट लिहिले की झाले.

शके दिले आहे. इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. घटना चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंतची असेल तर हेच उत्तर. १ जानेवारी ओलांडून पुढे, म्हणजे पौषाचा उरलेला भाग, माघ आणि फाल्गुन यांत घटना असेल तर ७९ मिळवा. शक पाडव्याला बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून हा एकाचा फरक पडतो.

सर्वांत जास्त चुका याच एका आकड्याने होतात. पानिपतची तिसरी लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. नुसते ७८ मिळवले तर १७६० येते. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. तुकाराम महाराजांच्या बीजेचेही तसेच. शके १५७१ धरले तर फाल्गुन वद्य द्वितीया १६५० साली पडते, तरी अनेक ठिकाणी १६४९ छापलेले दिसते. फाल्गुन दिसला की ७९ मिळवायचे, एवढे पक्के ध्यानात ठेवा.

विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षाअखेरच्या महिन्यांत ५६. गुजरातकडच्या कागदांत संवत कार्तिकात बदलतो, तेव्हा घटना दिवाळीच्या अलीकडची की पलीकडची हे आधी पाहावे लागते.

काढलेले साल बरोबर आहे हे कसे तपासायचे?

संवत्सराच्या नावाने. जुन्या मराठी कागदांत आणि बखरींत शकाबरोबर बहुधा संवत्सराचे नाव असते. वाचणारे ते शोभेचे समजून सोडून देतात, पण फुकटात मिळणारी ती उत्तम चाचणी आहे. संवत्सरे साठ आहेत. प्रभव पहिले, क्षय साठावे. पूर्ण यादी पंचांगात असते.

शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावे. शके १५९६ घ्या : १५९६ आणि १२ मिळून १६०८, ६० ने भागल्यावर बाकी ४८. अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद, आणि शिवराज्याभिषेकाच्या नोंदीत आनंद संवत्सरच आहे. शके १५५१ ला, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वर्षी, बाकी ३ येते, म्हणजे शुक्ल. शके १२१८ ला, ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या वर्षी, बाकी ३० येते, म्हणजे दुर्मुख. पानिपतच्या १६८२ ला बाकी १४, म्हणजे विक्रम. कागदात शक एक आणि संवत्सर भलतेच असेल तर नक्कल करणाऱ्याचा कुठला तरी आकडा चुकला आहे. अशा वेळी घटना फळ्यावर घालण्याआधी दुसरा ग्रंथ पाहा.

साठ वर्षांनी तेच नाव परत येते हेही ध्यानात असू द्या. शिवाजी महाराजांचे निधन शके १६०२ चे, थोरल्या बाजीरावांचे शके १६६२ चे. दोन्ही रौद्र संवत्सरात. नाव जुळले म्हणजे शक आपोआप सिद्ध होत नाही. नाव जुळले नाही तर मात्र चूक नक्की.

हे गणित महाराष्ट्रात आणि दक्षिणेत चालणाऱ्या पद्धतीचे आहे. उत्तरेतल्या पंचांगांत संवत्सराचे नाव वेगळे येते.

शिवजयंती १९ फेब्रुवारीला लिहावी की तिथीने? आणि काही ठिकाणी १ मार्च का दिसते?

मूळ नोंद तिथीची आहे : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. ती जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार नोंदींत, मिळते आणि शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्याचा तिला दुजोरा आहे. त्याआधी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७ ही तिथी रूढ होती. जुन्या पुस्तकांत १६२७ दिसते ते त्यामुळे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. शासकीय जयंती त्या दिवशी होते आणि अनेक ठिकाणी फाल्गुन वद्य तृतीयेलाही उत्सव होतो. फळ्यावर दोन्ही दिवशी लिहायला हरकत नाही. मात्र दोन्ही वेळा साल १६३० च हवे.

आता १ मार्च. त्या काळात युरोपात दोन कालगणना चालू होत्या. पोर्तुगाल, स्पेन वगैरे कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये ग्रेगरी पोपची सुधारलेली दिनदर्शिका घेतली आणि ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजला. इंग्लंडने ती घेतली १७५२ मध्ये. तिथे २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर झाला. त्यामुळे सतराव्या शतकात इंग्रजांची तारीख नव्या पद्धतीपेक्षा १० दिवस मागे असे. १७०० च्या मार्चपासून फरक ११ दिवसांचा झाला.

मराठ्यांच्या इतिहासाच्या ग्रंथांत १७५२ पर्यंतच्या तारखा बहुधा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीने दिलेल्या असतात, कारण तिथींचा मेळ इंग्रजांच्या पत्रांशी घातला गेला. १९ फेब्रुवारी १६३० ही तशीच जुनी तारीख आहे. नव्या पद्धतीने तोच शुक्रवार १ मार्चला येतो. मोबाइलमधल्या एखाद्या रूपांतर-साधनात तिथी घातली की ते नवी तारीख देते आणि ‘खरी शिवजयंती १ मार्चला’ असा संदेश फिरू लागतो. दिवस तोच आहे, मोजणी वेगळी. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ नव्या पद्धतीने १६ जून होतो. बाजीरावांच्या निधनाचा २८ एप्रिल १७४० हा ९ मे होतो.

फळ्यासाठी नियम सोपा ठेवा. रूढ जुनी तारीख लिहा आणि एकाच फळ्यावर दोन पद्धती मिसळू नका. एक सावधगिरी गोव्याच्या कागदांबाबत. पोर्तुगीजांच्या पत्रावरची तारीख नवी आणि मुंबई-सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रावरची जुनी. दोन्ही एकाच घटनेविषयी असतील तर दहा दिवसांचे अंतर दिसेल आणि पत्र पोचायला उशीर झाला असे वाटेल. शिवाय इंग्रजांचे वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रावर आपल्या हिशेबाने मागचे साल असते.

राज्याभिषेक शुक्रवारी झाला की शनिवारी? द्वादशीला की त्रयोदशीला?

दोन्ही उत्तरे बरोबर असण्याचा हा सुंदर नमुना आहे. जेधे शकावली म्हणते : ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली असता राजे सिंहासनी बसले. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटे बाकी होती. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. उजाडायच्या आधी झालेली गोष्ट शकावलीने शुक्रवारच्या खाती मांडली. इंग्रजी हिशेबाने मध्यरात्रीनंतर शनिवार, ६ जून लागलेला होता. तिथीही वारासारखी सूर्योदयाच्या क्षणी असेल ती त्या दिवसाची धरतात, म्हणून दिवस द्वादशीचा. प्रत्यक्ष मुहूर्ताला मात्र त्रयोदशी लागली होती आणि सोहळा त्रयोदशीला साजरा होतो.

पहाटे घडलेल्या कोणत्याही जुन्या घटनेत एका दिवसाचा असा फरक दिसला तर लगेच चूक ठरवू नका. आधी वेळ पाहा.

जुन्या पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे काही असते. ते काय?

तो शुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणतात. आकडे अरबी शब्दांत, एककापासून वर जात लिहिलेले असतात. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. शुहूर सन मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास बदलतो. जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. म्हणजे हे वर्ष १७६०-६१, ऐन पानिपतचे.

बाकीचे शब्द एकदा वहीत उतरवून ठेवा. एकक : इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशक : अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. शतकात मया १०० आणि मयातैन २००. घोळ होतो तो सित-सितैन आणि सबा-सबैन या जोड्यांत. शेवटचा ‘ऐन’ नजरेतून सुटला की साठाचे सहा होतात.

हिजरी सन याहून वेगळा. ते वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ठराविक आकडा मिळवून चालत नाही. हिजरीला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की साल अंदाजे कळते. दिवस हवा असेल तर कोष्टकच पाहिजे.

हिंदी पुस्तकातला महिना आपल्यापेक्षा एकाने पुढे का असतो?

आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे महिने एकच असतात. वद्य पक्षात उत्तरेत पुढचा महिना लागलेला असतो. आपली श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, आणि आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र त्यांच्याकडे फाल्गुनात. हिंदी स्रोतातून वद्य पक्षातली तिथी घेताना महिना एकाने मागे घ्या. शुद्ध पक्षातली तशीच ठेवा.

अधिक मासात तिथीचे दिनविशेष कधी लिहायचे?

निज महिन्यात, म्हणजे अधिक महिन्यानंतर येणाऱ्या त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात. अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. त्यामुळे त्या वर्षी राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी जूनअखेरीस येते. जयंत्या-उत्सवांच्या चिठ्ठ्या लावताना ‘अधिक’ लिहिलेली पाने वगळून पुढे जा.

शासकीय पत्रावर ‘भारतीय सौर’ दिनांक असतो. तो आणि पंचांगातला शक एकच का?

नाही. शासनाची सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ म्हणून सुरू झाली. तिचे वर्ष दरवेळी २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला लागते. पाडवा मात्र चंद्रावर ठरतो. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता. २२ ते २९ मार्च या आठ दिवसांत शासकीय शक १९४७ आणि पंचांगातला १९४६ होता. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला असल्याने तीन दिवस उलटा प्रकार. फळ्यावर तिथी लिहायची तर शकही पंचांगातलाच घ्या.

पानिपतची लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली, हे लिहावे का?

लिहू नये. तारीख १४ जानेवारी आहे आणि आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते, एवढ्यावरून ही समजूत पसरली. संक्रांतीची तारीख स्थिर नाही. साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षे आधी ती आणखी अलीकडे, १० जानेवारीच्या सुमारास येत असे. पानिपतच्या बुधवारी संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. ज्या युद्धात एवढी माणसे उपाशीपोटी लढून पडली, त्याची आठवण भाकड योगायोगाच्या आधाराने सांगण्याची गरज नाही.

‘देशातील पहिला’, ‘जगातील पहिली’ असे लिहिताना काय पाहावे?

‘पहिला’च्या पुढे कशातला पहिला ते लिहिलेच पाहिजे. वर रेल्वेच्या नमुन्यात ‘प्रवासी’ हा शब्द म्हणूनच आहे. बांधकामाचा माल वाहणारी आगगाडी त्याआधी मद्रासजवळ आणि रुडकीला धावली होती.

डॉ. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. कोण पहिली यावर दोन प्रांतांत चढाओढ लावण्यापेक्षा ‘पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी’ हे खरेही आहे आणि त्यात आनंदीबाईंचे काही कमी होत नाही. एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाविसाव्यात गेलेल्या त्या मुलीला कोणा दुसरीला मागे टाकायची गरज नव्हती.

दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. आदल्या वर्षी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक त्याच चित्रगृहात दाखवला गेला होता. तो नाटकाचे चित्रीकरण होता. म्हणून फाळक्यांसाठी ‘पहिला संपूर्ण भारतीय बनावटीचा कथापट’ असे लिहा.

२१ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारी, १ मे, ३ ऑक्टोबर : मराठीचा नेमका दिवस कोणता?

चार वेगळे दिवस आहेत आणि दरवर्षी त्यांची सरमिसळ होते. २१ फेब्रुवारी हा युनेस्कोने १९९९ मध्ये ठरवलेला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. तो ढाक्यात १९५२ साली बंगाली भाषेसाठी प्राण देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२). १ मे हा मराठी राजभाषा दिन. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. सोबत पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली याही भाषा होत्या. २७ फेब्रुवारीला ‘राजभाषा दिन’ लिहिण्याची चूक अगदी छापील फलकांवरही आढळते.

असेच आणखी दोन दिवस. २८ फेब्रुवारी हा सी. व्ही. रामन यांचा वाढदिवस नाही. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबरचा. २८ फेब्रुवारी १९२८ ही रामन परिणामाच्या शोधाची तारीख, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. ६ जानेवारीचा पत्रकार दिन बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पण या वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाचा, १८३२ चा. त्या दिवशी बाळशास्त्रींविषयी लिहा, पण लिहिताना अंकापासून सुरुवात करा.

एकाच दिवशी दोन मोठी माणसे आली तर?

१ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक मुंबईत गेले आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. फळा अर्धा अर्धा विभागू नका, दोघांवर अन्याय होतो. एक वर्ष एकाचा मुख्य मजकूर आणि दुसऱ्याचे नाव, पुढच्या वर्षी उलट. वहीत कोणाची पाळी आहे ते नोंदवून ठेवा.

‘३५० वे वर्ष’ आणि ‘३५० वर्षे पूर्ण’ यांत गोंधळ होतो. कसे मोजावे?

चालू सालातून मूळ साल वजा करा. आलेली संख्या पूर्ण झालेल्या वर्षांची. त्यात एक मिळवला की नुकत्याच सुरू झालेल्या वर्षाचा क्रमांक. १६७४ पासून जून २०२३ ला ३४९ वर्षे पूर्ण झाली आणि ३५० वे सुरू झाले. जून २०२४ ला ३५० पूर्ण झाली. राज्याभिषेकापासून मोजला जाणारा राज्याभिषेक शक हवा तर राज्याभिषेकाची तिथी उलटल्यावर चालू सालातून १६७३ वजा करा. जन्मशताब्दी वर्ष हे ९९ वा वाढदिवस ते १०० वा वाढदिवस या दरम्यानचे. कुसुमाग्रजांचे ते २७ फेब्रुवारी २०११ ते २७ फेब्रुवारी २०१२ असे होते.

शब्दाची माहिती देताना ती खरी आहे हे कसे कळावे?

शब्दाच्या जन्माची गोष्ट फार गमतीदार असेल, त्यात साहेब आणि शिपाई यांचा संवाद असेल, तर ती बहुधा मागाहून रचलेली असते. तीन गोष्टी पाहा. एक, जुन्या कोशात शब्द आहे का? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत जो सापडतो, तो विसाव्या शतकातल्या एखाद्या घटनेवरून आलेला असू शकत नाही. दोन, कोकणी, गुजराती, कन्नड या शेजारच्या भाषांत तो आहे का? तीन, मूळ म्हणून सांगितलेला शब्द त्या भाषेत खरोखर त्याच अर्थाने आहे का? बटाटा, पाव, चावी, घमेले, तुरुंग, पगार हे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द या कसोट्यांना उतरतात. साबणाबाबत अरबी आणि पोर्तुगीज अशी दोन्ही मुळे सांगितली जातात. तिथे दोन्ही लिहा.

सुविचार कोणाच्या नावाने लिहावा?

मूळ ग्रंथ, भाषण किंवा पत्र दाखवता आले तरच नाव लिहा. नाही तर सुविचार बिननावाचा जाऊ द्या. आंबेडकर, विवेकानंद, कलाम यांच्या नावावर त्यांनी न लिहिलेली वाक्ये सर्रास फिरतात, आणि फळ्यावर खडूने लिहिलेले वाक्य मुले प्रमाण मानतात.

शुद्धलेखनात फळ्यावर कोणत्या चुका हमखास होतात?

‘निमित्त’ तोडला जातो. ‘जयंतीनिमित्त’, ‘पुण्यतिथीनिमित्त’ असे जोडून लिहा. ‘स्मृती’ सुटा शब्द दीर्घ, पण समासात ‘स्मृतिदिन’ ऱ्हस्व. तसेच ‘तिथी’ पण ‘तिथिनिश्चय’. ‘पाणिपत’ नव्हे, पानिपत. ‘ज्योतिबा’ऐवजी जोतीराव फुले लिहा. आकड्यांना प्रत्यय लावताना ‘१८५७ चा’ असे थोडे अंतर ठेवा, म्हणजे दुरून ‘चा’ आकड्यात मिसळत नाही.

लिहून झाल्यावर चूक सापडली तर?

त्याच दिवशी पुसून दुरुस्त करा आणि दुसऱ्या दिवशी वरच्या ओळीत ‘काल अमुक लिहिले, बरोबर तमुक’ असे तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. ज्याने चूक दाखवली त्या विद्यार्थ्याचा वर्ग लिहिला तर पुढच्या आठवड्यात आणखी चार जण पुस्तके घेऊन येतात. वहीतले पानही लगेच सुधारा, नाही तर पुढच्या वर्षी तीच चूक परत वर येते.

अक्षर किती मोठे असावे? मोबाइलवर पाठवायचे असेल तर?

तीन-चार मीटरवरून वाचायचे असेल तर अक्षराची उंची पाच सेंटीमीटर ठेवा, शीर्षकाची आठ. काळ्या किंवा हिरव्या फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू उठतो. लाल आणि निळा दुरून दिसत नाही, ते रेघांपुरते वापरा. वेलांटी, उकार आणि रफार यांना जागा हवी, म्हणून दोन ओळींतले अंतर अक्षराच्या उंचीएवढे सोडा. फळा भरण्याआधी खडूने अगदी फिकट रेघा मारून घ्या. शेवटची ओळ तिरपी जाते ती रेघा नसल्याने.

मोबाइलवर मजकूर चित्र करून पाठवण्यापेक्षा साधा लिहून पाठवा. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, दृष्टिहीन वाचकाचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही, आणि चूक सापडली तर दुरुस्त करून पुढे देता येत नाही. ग्रंथाचे नाव आणि पान मजकुराच्या शेवटच्या वाक्यातच घाला. वेगळ्या संदेशात दिले तर पुढे पाठवताना ते गळून पडते.